रक्ताचा कर्करोग आणि रोजची गोळी

कॅन्सर हा शब्द आपल्याकडे अजून हळू आवाजात उच्चारला जातो. घरात कोणाला तो झाला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगताना 'मोठा आजार' एवढेच म्हणतात आणि पुढे कोणी विचारीत नाही. आज मी ज्याविषयी बोलणार आहे तो रक्ताचा कर्करोगच आहे. पण त्याची हकीकत दबल्या आवाजात सांगण्यासारखी मुळीच नाही. सन २००० पर्यंत या रोगाचे निदान झाले की डॉक्टर आणि नातेवाईक मिळून चार-पाच वर्षांचा हिशेब मांडीत. आज बहुतेक रोग्यांच्या बाबतीत तोच रोग मधुमेहासारखा किंवा रक्तदाबासारखा रोजच्या गोळीवर सांभाळता येतो.

मी वैद्य नव्हे. मनमाडास राहणारा आणि महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणारा मनुष्य आहे. तेव्हा कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा. पण हे औषध कसे निघाले, सामान्य माणसाच्या आटोक्यात कसे आले, आणि घरात गोळ्यांची बाटली असूनही माणूस हातचा कसा जातो, एवढे सांगण्यास वैद्य असावे लागत नाही.

रोगाचे नाव लांबलचक आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टरमंडळी थोडक्यात सी. एम. एल. म्हणतात. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारा. मायलॉइड म्हणजे हाडांच्या मगजाशी संबंधित, कारण आपले रक्त तेथे तयार होते. आणि ल्युकेमिया म्हणजे सरळ 'पांढरे रक्त'. १८४५ साली एडिंबरोचा बेनेट आणि बर्लिनचा व्हिर्चो या दोघा डॉक्टरांनी एकमेकांस न विचारता अशा रोग्यांचे वर्णन केले आणि व्हिर्चोने पुढे हे नाव दिले. आपल्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात पांढऱ्या पेशी साधारणपणे चार हजार ते अकरा हजार असतात. या रोगात त्या लाख, दोन लाख, कधी त्याहूनही वर जातात.

पण आरंभी रोगी अंथरुणास खिळत नाही, आणि येथेच फसगत होते. थकवा येतो, वजन उतरते, रात्री घाम सुटतो. डाव्या बरगडीखाली जड वाटते, चार घास खाल्ले की पोट भरते, कारण पानथरी सुजलेली असते. पानथरी वाढली की आपल्याकडे पहिला संशय हिवतापाचा. तो काही अगदी चुकीचा नव्हे. मग कोणी काढे देतो, कोणी अंगारा लावतो, आणि दोन-चार महिने जातात. पुष्कळदा हा रोग अचानकच सापडतो. दुसऱ्याच कशासाठी रक्त तपासले आणि पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून तपासनीस चक्रावला, असे होते. ही साधी रक्ततपासणी आता तालुक्याच्या गावी, थोड्या पैशांत होते. महिनाभर थकवा हटत नसेल, वजन उतरत असेल, तर ती करून घ्यावी. मात्र पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे कर्करोगच, असे समजून कोणी हाय खाऊ नये. साध्या पिकलेल्या गळवानेही त्या वाढतात. फार तर पंधरा-वीस हजारांवर जातात आणि उतरतात.

हा रोग विटाळाचा नाही, स्पर्शाने लागत नाही, बापाकडून मुलाकडे येत नाही. रोग्याचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे काडीचे कारण नाही. दर लाख लोकांमागे वर्षाला एखाद-दोघांना तो होतो, म्हणजे तसा विरळाच. पण एक गोष्ट आपल्याला विशेष लागू आहे. युरोप-अमेरिकेत हा बहुधा साठीच्या आसपासचा आजार. आपल्या देशात तो तिशी-चाळिशीतच पुष्कळांना गाठतो. म्हणजे ज्याच्या खांद्यावर संसार आहे, मुले शाळेत आहेत, त्याला.

आता तो होतो कसा, हे समजून घेऊ. मनमाड हे जंक्शनचे गाव, तेव्हा तेथलाच दाखला घेतो. आपल्या प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रे असतात. शरीर कसे चालवायचे याचे सारे हुकूम त्यांवर लिहिलेले असतात. समजा, यार्डात नऊ नंबरची आणि बावीस नंबरची अशा दोन गाड्या शेजारी उभ्या आहेत. शंटिंगमध्ये घोटाळा झाला आणि नऊच्या शेवटचे डबे बावीसला व बावीसचे नऊला जोडले गेले. मगजातल्या एका पेशीत नेमके हेच होते. नऊ आणि बावीस या गुणसूत्रांची शेपटे अदलाबदल होतात. बावीस नंबरची गाडी आखूड होते आणि जेथे नवा जोड बसला तेथे पूर्वी कधी नव्हता असा एक हुकूम तयार होतो. त्याचे नाव बी. सी. आर.–एबल. यातला एबल हा भाग मूळचा सिग्नलसारखा आहे. पेशीने वाढावे अशी गरज असली की हात खाली पडतो, वाट मोकळी होते. गरज संपली की हात पुन्हा आडवा. नव्या जोडामुळे हा हात खाली पडतो तो पडलेलाच राहतो. मग गाडीमागून गाडी सुटते, पांढऱ्या पेशींवर पांढऱ्या पेशी तयार होतात.

हे आखूड गुणसूत्र प्रथम दिसले १९६० साली, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या संशोधकांना. म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. कर्करोगाच्या पेशीत ठरावीक बिघाड सापडतो, हे त्यामुळे प्रथमच डोळ्यांनी दिसले. पण तुटलेला तुकडा जातो कोठे, हे कळण्यास आणखी तेरा वर्षे लागली. ते काम शिकागोच्या जॅनेट राऊली या बाईंनी केले. घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची छायाचित्रे कात्रीने कापून त्या जुळवीत बसत. मुले म्हणत, आई कागदाच्या बाहुल्या खेळते आहे. १९७३ साली त्यांनी दाखवून दिले की तुकडा हरवलेला नाही, तो नऊ नंबरला जाऊन चिकटला आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान शिकविता येत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा ही कात्री आठवण्यासारखी आहे.

बिघाड नेमका कळला तेव्हा औषधही नेमके करता येईल, असा विचार सुरू झाला. तोपर्यंतची औषधे अशी होती की तण मारण्यासाठी सबंध शेतावर विष फवारावे. गेल्या शतकाच्या आधीपासून सोमलाचा अर्क देत, पुढे क्ष-किरण, मग १९५० नंतर बुसल्फान आणि हायड्रॉक्सीयुरिया. पांढऱ्या पेशींचा आकडा उतरे, माणसाला बरे वाटे, पण मूळ रोग आपल्या चालीने पुढे जाई आणि काही वर्षांनी उसळे. मग हाताशी फारसे काही उरत नसे. दुसऱ्याचा मगज भरणे हा एक इलाज होता आणि आजही काहींना तो लागतो. पण त्यास जुळणारा दाता हवा, पैसा हवा, आणि त्यात जिवाची जोखीमही आहे.

स्वित्झर्लंडच्या एका औषध कंपनीत निकोलस लायडन आणि युर्ग झिमरमन या शास्त्रज्ञांनी असा एक रेणू घडविला, की तो त्या अडकलेल्या सिग्नलच्या खाचेत पाचरीसारखा बसावा आणि हात वर व्हावा. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी तो रेणू या रोगासाठी लावून धरला. १९९८ च्या जूनमध्ये पहिल्या रोग्याला गोळी दिली. पुरेशी मात्रा मिळालेल्या चौपन्न रोग्यांपैकी त्रेपन्न जणांचे रक्त ताळ्यावर आले. वैद्यकात असा आकडा सहसा पाहावयास मिळत नाही. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत औषधास परवानगी मिळाली. त्याचे नाव इमॅटिनिब. कंपनीने बाजारात आणले ते ग्लिव्हेक म्हणून. पुढे अकराशेहून अधिक रोग्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, ज्यांना आरंभापासून इमॅटिनिब दिले त्यांपैकी शंभरात सुमारे त्र्याऐंशी जण दहा वर्षांनंतरही हयात होते.

येथे मला मुंबईची एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली ल्युकेमियाने वारल्या. इलाजासाठी त्या विलायतेस गेल्या होत्या. तेथेच त्यांचा अंत झाला. दुसऱ्या वर्षी दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी स्थापन केला आणि पुढे टाटांच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. आपल्या भागातले कितीतरी रोगी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने ज्या दारापर्यंत जातात, त्या दाराच्या मुळाशी अशी ही रक्ताच्याच कर्करोगाची व्यथा आहे. टाटांच्या घरी पैशाला तोटा नव्हता, औषध नव्हते. सत्तर वर्षांनी औषध निघाले, तेव्हा प्रश्न उलटा झाला.

कारण ग्लिव्हेकची किंमत महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये होती. वर्षाचे चौदा लाखांवर. आणि गोळी महिना-दोन महिन्यांची नव्हे, जन्माची. त्याच वेळी भारतीय कंपन्या तोच रेणू तयार करून महिन्याला आठ-दहा हजारांत देत होत्या. फरक बारा पटींहून अधिक. मूळ कंपनीने भारतात एकाधिकार, म्हणजे पेटंट मागितले. तसे ते मिळाले असते तर स्वस्त गोळ्या बंद झाल्या असत्या. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या रोग्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने व काही भारतीय कंपन्यांनी हरकत घेतली. २००६ च्या जानेवारीत चेन्नईच्या पेटंट कचेरीने अर्ज फेटाळला. प्रकरण वरवर जात सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले.

निकालाचा मुद्दा समजण्यास अवघड नाही. मूळ रेणू आधीच ठाऊक झालेला होता. कंपनी पेटंट मागत होती ते त्याच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी. आपल्या पेटंट कायद्यातील तिसऱ्या कलमाचे 'घ' हे पोटकलम, ज्याला इंग्रजीत थ्री-डी म्हणतात, असे सांगते की जुन्याच पदार्थाचे नवे रूप आणले तर त्याचा गुण जास्त आहे हे दाखवावे लागेल. औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. कंपनी म्हणाली, हे रूप शरीरात तीस टक्के अधिक शोषले जाते. न्यायालय म्हणाले, तेवढ्याने रोगावरचा गुण वाढला हे सिद्ध होत नाही. गुळाची ढेप फोडून खडे केले म्हणून त्यास नवा पदार्थ म्हणता येणार नाही, तसाच काहीसा हा प्रकार.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच कंपनीने भारतातील हजारो रोग्यांना ही गोळी फुकट दिली, आणि पुष्कळ घरे त्यावर तरली. मी ते कमी लेखीत नाही. पण देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. बाजारातली परवडणारी किंमत कोणाच्या मर्जीवर नसते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला दुसरी वाट अधिक भरवशाची वाटते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबचे नाव आवश्यक औषधांच्या यादीत घातले. आपल्या राष्ट्रीय यादीतही ते आहे.

आता नव्या गोळ्यांविषयी. काही रोग्यांच्या पेशीत सिग्नलच्या त्या खाचेचा आकारच बदलतो आणि पाचर बसेनाशी होते. काहींना औषध सोसत नाही. त्यांच्यासाठी २००६ साली डॅसॅटिनिब आले, २००७ साली निलोटिनिब, २०१२ साली बोसुटिनिब आणि पोनॅटिनिब. खाचेचा एक बदल असा हट्टी आहे की त्यावर यांपैकी पहिली तिन्ही चालत नाहीत, पोनॅटिनिब चालते. २०२१ साली आलेले ॲसिमिनिब तर त्या खाचेत बसतच नाही. दुसऱ्याच बाजूने पकड घेऊन हात वर करते. तेव्हा आज एक गोळी थकली तर दुसरी आहे. पण नवी ती श्रेष्ठ, जुनी ती टाकाऊ, असे मात्र नव्हे. डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब रोग लवकर आणि खोलवर दाबतात हे खरे. परंतु आरंभापासून नवी गोळी घेतलेले आणि इमॅटिनिब घेतलेले यांच्या आयुर्मानात चाचण्यांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसलेला नाही. शिवाय प्रत्येकीची खोड वेगळी. इमॅटिनिबने डोळ्यांखाली सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते. डॅसॅटिनिबने कधी छातीत पाणी साठते. निलोटिनिबने साखर वाढू शकते, आणि ते रिकाम्या पोटी, दिवसातून दोनदा घ्यावे लागते. पोनॅटिनिबने रक्तवाहिनीत गुठळी होण्याची भीती असते. म्हणून शेजारच्या गावी कोणाला महाग गोळी मिळाली आणि आपल्याला स्वस्त, याचे वाईट वाटून घेऊ नये. ज्याला जी लागू पडली ती त्याची चांगली.

आणि आता मुख्य गोष्ट. या औषधाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बरे वाटणे.

समजा, मनमाडच्या धान्याच्या गोदामात पोती वाहणारा पस्तिशीचा हमाल आहे. निदान झाले, गोळी सुरू झाली. महिना-दोन महिन्यांत पांढऱ्या पेशी ताळ्यावर आल्या, पानथरी विरघळली, भूक लागू लागली, पाठीवर पोते घेता येऊ लागले. आता तो स्वतःशी म्हणतो, मी तर ठणठणीत आहे, मग ही गोळी कशाला? त्यात मुलीचे लग्न निघते, नाहीतर कांद्याला भाव नसल्याने घरच्या शेतीचे पैसे अडकतात, नाहीतर कोणी सांगतो की गोळीने मूत्रपिंड जाते, माझी पुडी घे. गोळी एक दिवसाआड होते, मग बंद. सहा महिने काही होत नाही. रोग मात्र गेलेला नसतो. सिग्नलला पाचर होती म्हणून थांबला होता एवढेच. तो परत येतो, आणि काही वेळा असा येतो की तीव्र ल्युकेमियाचे रूप घेऊनच. मग नव्या-जुन्या सगळ्या गोळ्यांचा जोर अपुरा पडतो.

हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही, आकडा आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात गोळीच्या बाटलीच्या झाकणात यंत्र बसवून रोगी खरोखर किती गोळ्या घेतात ते मोजले. २०१० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी शंभरात नव्वदांहून अधिक गोळ्या घेतल्या त्यांच्यात रोग खोलवर दबण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्क्यांवर निघाली. ज्यांनी नव्वद किंवा त्याहून कमी घेतल्या त्यांच्यात अठ्ठावीस टक्के. शंभरात ऐंशी किंवा कमी घेणाऱ्यांपैकी एकाचाही रोग तितका दबला नाही. नव्वद टक्के म्हणजे किती? तीस दिवसांच्या महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की नव्वद. आणि हे लंडनचे रोगी. तिकडे औषध सरकारी खर्चाने मिळते.

पांढऱ्या पेशींचा आकडा बरोबर आला म्हणजे काम झाले, असेही नव्हे. बी. सी. आर.–एबल रक्तात किती उरले आहे हे मोजणारी पी. सी. आर. नावाची तपासणी असते. आरंभी ती दर तीन महिन्यांनी करतात. ढोबळ हिशेब असा, की तीन महिन्यांनी शंभरात दहाच्या आत, सहा महिन्यांनी एकच्या आत, आणि वर्षाअखेर हजारात एकाच्या आत आकडा यावा. तसा आला नाही तर डॉक्टर पाहतील की गोळ्या चुकतात, की खाच बदलली. औषध बदलायचे ते त्यावरून ठरते. ही तपासणी नाशिक-मुंबईस जाऊन करावी लागते, रोज बुडतो, भाडे पडते, म्हणून माणसे टाळतात. ते समजण्यासारखे आहे. परंतु गोळी घ्यायची आणि तपासणी टाळायची म्हणजे फलाटावर उभे राहून वेळापत्रकाकडे पाठ करण्यासारखे आहे.

औषध कधीच थांबत नाही का? काहींचे थांबते. फ्रान्समध्ये शंभर रोग्यांचे औषध मुद्दाम थांबवून पाहिले. या सर्वांच्या रक्तात दोन वर्षांहून अधिक काळ रोगाचा मागमूस नव्हता. वर्षभरानंतर त्यांतले सुमारे चाळीस गोळीवाचून नीट होते. उरलेल्यांचा रोग परत दिसू लागला, तो तपासणीत आरंभीच पकडला गेला आणि गोळी पुन्हा सुरू करून आटोक्यात आला. हा फरक लक्षात घ्या. डॉक्टरांनी महिन्याच्या महिन्याला रक्त तपासून गोळी थांबविणे वेगळे, आणि आपण होऊन बाटली फडताळात ठेवून देणे वेगळे.

खेड्यातल्या शिक्षकांना या कामी एक जागा आहे. रोग्याच्या घरी इंग्रजी अहवाल वाचणारा बहुधा दुसरा कोणी नसतो. तारखा पाहून पुढची तपासणी केव्हा आहे ते सांगावे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर, गोळी घेतली की त्या तारखेवर फुली मारण्यास घरातल्या मुलाला शिकवावे; आठवीतला मुलगा हे काम मोठ्या इमानाने करतो. रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, कोणती कागदपत्रे लागतील, हे विचारण्यास रोग्याबरोबर जावे. शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका काना-मात्रेचा फरक असला तरी माणूस दिवसभर खिडकीशी उभा राहतो.

बायकांसाठी एक सूचना. या गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर गर्भाला अपाय होऊ शकतो. तेव्हा मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे. दिवस गेल्याचा संशय येताच लाजून आठवडे घालवू नयेत आणि घाबरून आपण होऊन गोळीही सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. सासूबाईंनीही हे ऐकलेले बरे.

इमॅटिनिबची गोळी जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्याने घ्यावी. मळमळ कमी होते. दुसरे कोणतेही औषध, मग ते झाडपाल्याचे का असेना, चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये, कारण काही औषधे या गोळीचा जोर वाढवितात किंवा घटवितात. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. बाटलीत आठवड्याच्या गोळ्या उरल्या की नव्या आणाव्यात, शेवटच्या गोळीची वाट पाहू नये. आणि परगावी निघताना चार दिवसांच्या जादा गोळ्या पिशवीत असू द्याव्यात. गाडी किती उशिरा येईल हे मनमाडच्या फलाटावर बसलेल्या माणसास मी सांगावयास नको.